जॉलीचा राखणदार

देवळालीला लॅम रोडच्या आतल्या अंगाला पिरोजबाईंचा बंगला होता. इब्राहिम त्या बंगल्याचा रखवालदार. आमचं घर शेजारचंच, कुंपणाला कुंपण लागून, त्यामुळे इब्राहिमचा दिवस कसा उगवतो नि कसा मावळतो हे मला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत असे. सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची ही हकिगत आहे.

इब्राहिम उंच, खांद्यात थोडा वाकलेला. त्याचं प्रत्येक उत्तर ‘जी’ने सुरू होई आणि पुष्कळदा ‘जी’वरच संपे. बागेला पाणी घालणं, दारं-खिडक्या पुसणं, तांगा बोलावणं, सगळं तो मनापासून करी. एवढंच की ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. बंगल्याच्या मागे त्याला राहायला एक खोली होती. काम तोवर खोली, आणि हे त्याला रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर आठवत असणार, असं मला नेहमी वाटे.

त्याची बायको अमिना मालेगावच्या विणकराची मुलगी. हाताने चलाख, जिभेनेही. त्या एका खोलीचं तिने असं घर केलं होतं की चूल कुठे संपते आणि बसायची जागा कुठे सुरू होते, ते जमिनीवर रेघ न ओढताही कळावं. पश्चिमेच्या भिंतीकडचा कोपरा नमाजाचा. तिथे चटई गुंडाळून उभी असे आणि त्या बाजूला ओला पाय घेऊन जायची इब्राहिमचीही छाती नव्हती.

पिरोजबाई विधवा, पारशीण, मनाने फार मोकळ्या. दिवाळीनंतर त्या देवळालीला येत, उन्हाळा इथेच काढीत आणि पावसाळ्यात मुंबईला लेकीकडे जात. जॉली हा त्यांचा कुत्रा. तांबूस, लोंबत्या कानांचा, गुबगुबीत. बाई असल्या की तो त्यांच्या पलंगावर झोपे. पावसाळ्यात त्याला ठेवायला एक म्हातारे माळीबाबा होते, ते त्या साली वारले. लेकीकडे न्यावा तर जावयाला कुत्र्याच्या केसांनी शिंका येत.

बाई निघाल्या त्या दिवशी बंगल्यात नुसती धांदल होती. त्यातच गेणू सुताराने हातगाडीवरून एक सागवानी पेटी आणून मागल्या व्हरांड्यात उतरवली, तोंड भिंतीकडे करून. चांगली कमरेएवढी, वरून उतरतं झाकण.

“हे काय रे?” दूध घालायला आलेल्या कुसाबाईने विचारलं. ती भगूरची. दोन्ही घरी दूध तीच घाली आणि दुधाबरोबर बातम्याही.

“पेटी दिसते,” इब्राहिम म्हणाला.

“कोंबड्यांचं खुराडं आसंल. बाईंला अंडी लय लागत्यात.”

तेवढ्यात तांगा आला. बाई चढल्या, किल्ल्यांचा जुडगा पिशवीत टाकला, जॉलीचं डोकं कुरवाळलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, “इब्राहिम, जॉलीला घरात ठेवजे हां. घरातच! बहार पावसात राहिला तर मरून जाएल बिचारा. नि अमिनाला सांग, कशाची फिकर नको, मी समदी व्यवस्था करून ठेवली हाय.”

“जी, बाईसाहेब.”

तांगा गेला. व्यवस्था म्हणजे खाटकाकडे सांगून ठेवलेली हाडं आणि पोतंभर तांदूळ, असं इब्राहिमने धरलं. बंगल्याला कुलूप, किल्ल्या मुंबईला. मग घर म्हणून मागे राहिलं ते एकच.

अमिनाने आधी हसण्यावारी नेलं. मग तिला दिसलं की नवरा दाराशी साखळी बांधायला खिळा ठोकतो आहे.

“घरात म्हणजे कुणाच्या घरात?”

“आपल्याच. दुसरं कुठलं उघडं आहे?”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“बोललो की.”

“काय बोललात?”

“जी म्हणालो.”

अमिनाने कपाळाला हात लावला. तिला कुत्र्याचा राग नव्हता. उरलेली भाकर ती त्याला रोज अंगणात टाकीच. पण त्यांच्या वडीलधाऱ्यांची शिकवण अशी की कुत्रा दाराशी राखणीला ठीक. घरात, नमाजाच्या जागी, स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी नाही. आमच्याकडे सासूबाईंच्या सोवळ्यात मी कित्येक वर्षं काढलेली, त्यामुळे तिचं म्हणणं मला समजावून सांगावं लागलं नाही. त्यात तिला सातवा लागलेला. ओणवं होऊन खोली पुन्हापुन्हा धुणं म्हणजे काय, ते बाईमाणसालाच कळतं.

पाऊस धरला. जॉली ओला होऊन आत येई आणि अंग झाडी. एकदा भाजीच्या पातेल्यात त्याने तोंड घातलं. अमिनाने ते मातीने घासघासून शेवटी उचलून कुसाबाईच्या म्हशीच्या आंबोणाला देऊन टाकलं. नमाजासाठी ती पावसाची झड चुकवत बंगल्याच्या बंद दाराशी, व्हरांड्याच्या टोकाला चटई पसरू लागली. स्वतःचं घर असून बाहेर. त्या पेटीत इब्राहिमने गोवऱ्या भरून ठेवल्या होत्या, कोरड्या राहाव्यात म्हणून. अमिना त्या पेटीपासून दोन हातांवर बसे.

मी एकदा कुंपणावरून म्हटलं, “इब्राहिम, बाईंना विचारून तरी घ्या.”

“विचारलं तर त्यांना वाटेल, जमत नाही याला,” तो म्हणाला. “दुसरा माणूस मिळायला किती वेळ, ताई? खोली काही दुसरी मिळत नाही.”

श्रावणात अमिनाचा भाऊ फारुख तिला बाळंतपणाला न्यायला आला. दारात थबकून आत पाहत राहिला. खाटेवर जॉली लोळत होता.

“सलाम, साहेब,” फारुख कुत्र्याला म्हणाला. मग इब्राहिमकडे वळला. “भाईजान, मेव्हणा आला की बस म्हणतात. पण जागा तर भरलेली दिसते!”

इब्राहिम खाकरला. जॉलीला उठवून त्याने खाट पुसली. फारुख उभाच राहिला. जाताना अमिना उंबऱ्यावर थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “मूल घेऊन मी या खोलीत येणार नाही. तो बाहेर गेला की कळवा, मी आत येईन. तोवर तुम्ही बसा एकमेकांजवळ.”

आणि ते बसलेच. दुसरं काय करणार? जॉलीला आता इब्राहिमवाचून करमेना. तो विहिरीवर गेला तर हा मागे. तो बाजारात गेला तर परत येईपर्यंत हा फाटकाशी तोंड वर करून रडे. पुढे मालेगावहून निरोप आला की मुलगी झाली, मासूमा नाव ठेवलं. इब्राहिमने नवा सदरा घातला, जॉलीला कुसाबाईच्या गोठ्यात बांधलं आणि मालेगावची मोटर धरायला तांग्याने नाशकाकडे निघाला. नाशिकरोडपर्यंत पोचला नसेल, तोच मागून धापा टाकत, गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा घेऊन जॉली हजर.

“तांगेवाला म्हणाला, बसवा वर, दोघं जा,” इब्राहिमने मला नंतर सांगितलं. “पण ह्याला घेऊन सासरच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू? आणि सोडून जावं तर वाटेत मोटरीखाली जायचा.”

तांगा तिथूनच परत फिरला. नवा सदरा दोरीवर वाळत पडला, तो बरेच दिवस तसाच.

पाऊस ओसरल्यावर खिडक्यांच्या फुगलेल्या झडपा तासायला गेणू सुतार आला. मी कुंपणाशी पारिजातकाची फुलं वेचत होते. गेणूने पेटीत डोकावून पाहिलं आणि पटाशी खाली ठेवली.

“काय इब्राहिमभाई, एवढ्या सागवानी घरात गोवऱ्या?”

“कसलं घर?”

“हेच की. बाईंनी कुत्र्यासाठी करून घेतलं. मी पेटी म्हणालो तर रागावल्या माझ्यावर. ‘गेणू, पेटी मुडद्याची अस्ते. हे जॉलीचं घर हाय, घर म्हण!’ ह्या भोकातून आत जायचं त्याने, मीच घाईत तोंड भिंतीकडे करून उतरवलं, म्हणून दिसलं नाही तुला.”

इब्राहिम जागच्या जागी उकिडवा बसला. बाई म्हणाल्या होत्या, घरात ठेवजे. समदी व्यवस्था करून ठेवली हाय. त्याच्या चेहऱ्यावर एकेक शब्द पुन्हा उमटताना मी पाहिला. मग तो हसायला लागला, आणि ते हसू मला बघवेना.

त्याच दिवशी गोवऱ्या बाहेर निघाल्या. खोलीतली माती उकरून त्याने नवी घातली, चोपली, सारवली. भिंतींना चुना दिला. भांडी कल्हईला दिली. फारुखकडे निरोप गेला: कुत्रा बाहेर गेला, अमिनाला आणा.

कुत्रा बाहेर गेला होता खरा. पण तो पेटीत बसेना. चार महिने खाटेवर झोपलेल्या जिवाला सागवानी घर काय होय! इब्राहिम खोलीत गेला की तो दारावर नखं घाशी, आणि असा सूर लावी की पार पलीकडच्या बंगल्यातला साहेब शिव्या देत बाहेर येई. खाणंही सोडलं. बाई येण्याचे दिवस जवळ आले आणि जॉलीच्या बरगड्या दिसू लागल्या. शेवटी इब्राहिमने आपली खाट उचलून व्हरांड्यात पेटीला लावून टाकली. तो शेजारी असला की जॉली पेटीत मुकाट बसे, फक्त एक पंजा बाहेर, खाटेच्या दोरीवर.

अमिना मासूमाला घेऊन आली ती हे पाहायला. खोली बघून तिचा चेहरा उजळला. मग तिने व्हरांड्यातली खाट पाहिली.

“तो बाहेर गेला,” ती म्हणाली, “आणि तुम्ही?”

“बाई येईपर्यंत,” इब्राहिम म्हणाला. “बाई आल्या की तो बंगल्यात, त्यांच्या पलंगावर. मग मी आत.”

तोवर तो हातपाय धुऊन, कपडे बदलून खोलीत जाई, मासूमाला मांडीवर घेई. आणि बाहेर रडं सुरू झालं की दचकून पोर रडू लागे. दोन्ही बाजूंनी रडणं ऐकत तो जरा वेळ बसे आणि उठे.  अमिना दिवाळीची वाट पाहत होती. तिच्याइतक्या आतुरतेने त्या साली पिरोजबाईंची वाट त्यांच्या नातवंडांनीही पाहिली नसेल.

बाई आल्या. जॉली त्यांच्याभोवती नाचला, त्यांचं तोंड चाटलं. अमिनाने मनाचा हिय्या करून, पदर नीट करून, झालं ते सगळं त्यांना सांगितलं. नवऱ्याला जे बोलता आलं नव्हतं ते सगळं.

बाई ऐकता ऐकता खुर्चीत खाली बसल्या. “अरे माझ्या देवा! पोरी, ते घर तर मी तुझ्यासाठी केलं! तू नमाज पढते, मला माहीत नाय काय? म्हटलं तिला तरास नको.” आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

अमिना मला नंतर म्हणाली, “ताई, भांडायचं म्हणून गेले होते. आता भांडू कुणाशी?”

त्या संध्याकाळी इब्राहिमने खाट खोलीत नेली. पण जॉली बाईंच्या मऊ पलंगावर टिकला नाही. खिडकीच्या गजांना धडका देऊन त्याने तोंड फोडून घेतलं. सकाळी बाई सुजलेल्या डोळ्यांनी व्हरांड्यात आल्या. झोप त्यांनाही नव्हती.

“इब्राहिम,” त्या अगदी मायेने म्हणाल्या, “तो आता तुझाच झाला. माझी काय हरकत नाय. तू आपला हितेच झोप त्याच्याजवळ, व्हरांड्यात. तुझी खोली पण पाक राहील, अमिना खूश. जॉली खूश, मी पण खूश. थंडीसाठी मी तुला चांगली कांबळ देते.”

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत अमिना मासूमाला पाजत होती. ती थांबली. तिची मान दाराकडे वळलेली मला कुंपणावरून स्पष्ट दिसत होती.

इब्राहिम खाकरला. एकदा, मग पुन्हा. मला वाटलं, आता बोलेल.

“जी,” तो म्हणाला.

दार आतून हळूच लोटलं गेलं. कडी मात्र लागली नाही.

बाई आत गेल्या. कुसाबाई दुधाची घागर घेऊन हे सगळं ऐकत उभी होती. इब्राहिम पेटीसमोर बसला, जॉलीच्या फुटलेल्या नाकाला हळद लावू लागला.

“कुसाबाई,” तो मान वर न करता म्हणाला, “कुत्रं किती वर्षं जगतं?”

“गावातलं व्हय? त्याचं काय खरं नाय. आज हाय, उद्या नाय.”

“असलं. बंगल्यातलं.”

कुसाबाईने जॉलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “आता ते खाण्यापिण्यावर हाय, इब्राईमभाऊ. येळच्या येळी मिळालं, कुणी जिवापाड सांभाळलं, तर लय जगतंय बघ.”

इब्राहिमने मान डोलावली. मग ऊन कुठवर आलं ते पाहिलं, आणि जॉलीचा भात शिजत टाकायला उठला.