शालूबाईंच्या नावाने केलेला व्यायाम

अंबाडीची एक जुडी खुडून झाली होती, दुसरी मांडीशी तशीच पडून. तेवढ्यात दारात दूधवाला आला म्हणून शालूबाई उठायला गेल्या आणि अर्ध्यातच अडकल्या. उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती अशी कळ आली की भिंतच धरली. त्यांचे यजमान किसनराव पेपर वाचत बसले होते. चष्म्यावरून पाहत म्हणाले, “यंदा महालक्ष्म्यांच्या पूजेले रूपालीले बसू दे. तुले उठता येत नाही तं बसशीन कशी?”

गुडघ्याची कळ राहिली बाजूला, ही दुसरीच कळ मोठी निघाली. एकतीस वर्षं पूजेच्या पाटावर शालूबाई बसत आल्या होत्या. रूपाली सून गुणाची, त्यात वाद नाही. पण गुणाच्या सुनेलाही पाट इतक्या लवकर द्यायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी त्या नगमा मॅडमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेल्या. गुडघ्यांचा दवाखाना चौदा पायऱ्या चढून का काढला, हे त्या देवालाच ठाऊक. मॅडमनी वाटी हलवून पाहिली. “मांडीत जोर नाही मावशी, म्हणून वाटी सरकते अन् दुखते. सध्या खाली बसू नका. हे तीन व्यायाम, रोज दोन वेळा. तीन आठवड्यांत फरक दिसन.”

महालक्ष्म्यांनाही तीनच आठवडे होते. शालूबाईंनी व्यायामाच्या कागदाला हळदीकुंकू लावून तो देवघरात ठेवला आणि रूपालीला हाक मारली.

“तू कर माह्या नावानं.”

“मी? काहून आई?”

“तुह्या सासऱ्याचे शनिवारचे उपास कोण करते? मीच नं? त्याईले पावते का नाही?”

रूपालीने वाद घातला नाही. ती सतरंजीवर आडवी व्हायची, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, पाय सरळ उचलायची. शालूबाई खुर्चीवर बसून मोठ्यानं आकडे मोजायच्या. उदबत्तीसुद्धा लावायच्या. एक दिवस खाडा पडला नाही.

आठवड्याने सासूसुना दवाखान्यात गेल्या. मॅडमनी मांडी दाबली. “व्यायाम होते का बरोबर?”

“रोज. नेमानं.”

“मंग ही मांडी कापसाच्या गादीवानी काहून? उचला बरं पाय.”

पाय वीतभरही उचलेना. कसं करायचं ते दाखवावं म्हणून रूपाली बाजूच्या खाटेवर आडवी झाली आणि तिने पाय असा उचलला की मॅडम बघतच राहिल्या. मग सगळं उघडं पडलं.

“घरातल्या एकानं केलं का सगळ्याईले पावते,” शालूबाई पुटपुटल्या.

“मावशी, रोजा मी ठेवला तं माह्या सासूचं पोट उपाशी राहीन काय? देवाले पावत असन. गुडघ्याले नाही पावत.”

घरी हे ऐकून किसनराव हसता हसता खोकले. “बरं झालं. रूपालीचे गुडघे पाटासाठी तयार केले, तेही तूच मोजून!”

त्या दिवसापासून शालूबाई स्वतः सतरंजीवर आडव्या होऊ लागल्या. देवाचं नाव निघायचं ते भक्तीनं कमी, कळेनं जास्त. आकडे आता रूपाली मोजायची, आणि ती लबाडी चालू देत नव्हती.

महालक्ष्म्यांना चार दिवस उरले असताना शालूबाई रूपालीसोबत दवाखान्याच्या चौदा पायऱ्या कठडा न धरता चढल्या. मॅडम म्हणाल्या, “छान! पण खाली बसणं इतक्यात नाही. पूजा खुर्चीवर बसून करा.”

शालूबाईंचा चेहरा पडला. “देवी खाली अन् मी खुर्चीवर? पाप नाही का ते?”

“मंग देवीलेच वर घेऊ नं आई,” रूपाली म्हणाली. “पूजेले तुमीच बसा. मले सोळा भाज्या रांधाच्या आहेत, मी कुठी बसू?”

पायऱ्या उतरताना शालूबाईंनी सुनेचा हात धरला. गरज नव्हती, तरी धरला. घरी जायच्या आधी शफी सुताराकडे जाऊन दोन फूट उंचीचा चौरंग सांगायचा होता.