साहेबांच्या हातची होम डिरेक्टरी

हिंजवडीत तेव्हा कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि उसाचे फड शेजारी शेजारी होते. तिथल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी सिस्टिम विभागात होते. आमच्याकडे कुणी पाहुणा आला, की त्याला एक गोष्ट कौतुकाने दाखवली जायची. सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवर! कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, नाव-पासवर्ड टाका, काम सुरू.

नव्या माणसाचं काम तेवढं सुरू व्हायचं नाही. त्याला खातं मिळायचं; पण आपल्या फायली ठेवायची जागा, म्हणजे होम डिरेक्टरी, आमचे साहेब स्वतःच्या हाताने बनवायचे. तीही टेबलापुढे येऊन मागितल्यावर. मेल पाठवलेला चालत नसे. समोरच्याला उभं ठेवून साहेब सावकाश चहा संपवत आणि मग मान वर न करता म्हणत, "बोला."

मी सांगून सांगून थकले होते. अहो, माणसाने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिरेक्टरी आपोआप बनते, तशी सोय सिस्टिममध्येच आहे, फक्त एक ओळ घालायची. त्यावर साहेब म्हणाले, "आणि मग आपल्याला विचारणार कोण?" गंमत करत नव्हते, अगदी मनापासून बोलत होते.

अशात यवतमाळहून एक मुलगी आली. चाचणीवर होती. ग्राहकाला दाखवायचा एक प्रोग्रॅम तिच्याकडे दिला होता. तो जमला तर नोकरी पक्की, नाहीतर नारळ. ती टेबलाशी गेली तर उत्तर मिळालं, "चहा घेतोय, दिसत नाही का? सोमवारी या." सोमवारी साहेब रजेवर. मंगळवारी गेली तर म्हणाले, "काल का नाही आलात?"

बिचारीने मग आपल्या कॉम्प्युटरवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये काम सुरू केलं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तो फोल्डर साफ होतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पुण्यात गुरुवारी वीज जाते, हेही तिला ठाऊक नव्हतं. यूपीएस होता तो फक्त सर्व्हरला. दुपारी वीज गेली, थोड्या वेळाने आली, आणि तिचा फोल्डर रिकामा झाला होता.

शुक्रवारी ग्राहकापुढे तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. मॅनेजर तिला बेजबाबदार म्हणाले. साहेबांनी वर पुस्ती जोडली, "तात्पुरत्या जागेत कुणी काम ठेवतं का हो? तिकडच्या कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही दिली होतीत का तिला दुसरी जागा?" मी सगळ्यांसमोर विचारलं. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मॅनेजर म्हणाले, "जाऊ द्या हो, आता काय उपयोग." जिचं जात होतं, ती खाली मान घालून उभी होती. तिला काढायचा निर्णय काही बदलला नाही. आजही ते "जाऊ द्या" आठवलं की मला संताप येतो.

त्याच दुपारी मी कुणाला न विचारता ती ओळ घातली. चाललं की नाही, ते तपासायला मला असं खातं हवं होतं ज्याला डिरेक्टरीच नाही. तसं कंपनीत एकच होतं. सोमवारी ती ओळखपत्र परत द्यायला आली, तेव्हा मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. "एकदा लॉगिन कर."

तिने पासवर्ड टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत डिरेक्टरी तयार. ती पडद्याकडे बघत राहिली.

"एवढंच होतं का जी, मॅडम?"

तिची यवतमाळची संध्याकाळची बस सुटायच्या आधी साहेबांनी तिचं खातं बंद केलं. त्यासाठी कुणाला त्यांच्या टेबलापुढे उभं राहावं लागलं नाही.