जाऊन बघितल्याशिवाय

पेपरची नोकरी सुटते, किस्से सुटत नाहीत. आमच्या घाटकोपरच्या साप्ताहिकाचे माझ्याकडे इतके साठलेत की बायको म्हणते, "रद्दीत तरी काढा!" त्यातले निम्मे एकट्या सावंतचे. तो आमचा क्राइम रिपोर्टर, पुढे कादंबरीकार झाला.

*

सावंतचा एकच नियम होता : जाऊन बघितल्याशिवाय लिहायचं नाही. विक्रोळीत एक बाई चौथ्या मजल्यावरून पडली, असं पोलिसांनी सांगितलं. हा स्वतः जिने चढून आला. "तिसरा आहे."

संपादक वैतागले. "मेली ना रे ती? मग काय फरक पडतो?"

"तिच्या आईला पडतो!"

*

मानखुर्दला एका मयताचा फोटो मागायला गेला. म्हाताऱ्या बापाने बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "फोटो कशाला? नोकरीचं काम आहे का?" घरी कोणी कळवलंच नव्हतं! पोरगा गेल्याचं सावंतलाच सांगावं लागलं. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

*

भांडुपचे परबकाका पूर्वी गिरणीत होते, नंतर वॉचमन. त्यांची मुलगी नंदा क्लासला गेली ती परतलीच नाही. सावंतने सलग अकरा आठवडे बातमी दिली. बाराव्या आठवड्याला संपादक म्हणाले, "सापडली तर सांग, नाहीतर बस झालं यार!"

सावंतने राजीनामा टाईप केला, तोही दोनदा तपासून.

*

कादंबरी लिहितोय म्हटल्यावर आम्ही त्याची टर उडवली. "आता खोटं लिहायचं लायसन्सच मिळालं रे तुला!"

पुस्तक आलं. नाव वेगळं होतं, पण मुलगी नंदाच. शेवटच्या प्रकरणात ती कांदिवलीत सापडते, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना.

"जाऊन बघितलंस का?" मी डिवचलं.

"एकदा तरी सापडू दे ना रे तिला," तो म्हणाला. मला माझीच लाज वाटली.

*

एका रविवारी मी मुलुंडला त्याच्याकडे बसलो होतो. बेल वाजली. दारात परबकाका, इस्त्रीचा शर्ट घालून. हातात तेच पुस्तक, शेवटच्या प्रकरणात बसचं तिकीट खुणेला घातलेलं.

"काका, ती गोष्ट आहे," सावंत घाईघाईने म्हणाला. "मी मनाने रचलेली."

काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाकीचे कायपण लिवतत. तुमी कधी बघल्याशिवाय लिवूक नाय." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "कांदिवलीत खंय, तेवढा सांगा."

सावंतने त्या बोटाकडे बघितलं. मग उठला, पायात चप्पल घातली.

"चला काका," म्हणाला. "बघून येऊ."