उन्हात उमटलेली शाई
मतदान करून बाहेर पडताना बोटावरच्या ओल्या शाईचा उग्र वास आला आणि हिंदी मुलखातली, नया बाजारातली आमची मुलींची शाळा आठवली. तिथे एकदा विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक होती, आणि ती खऱ्यासारखी व्हावी म्हणून रसायनशास्त्राच्या सरांनी प्रयोगशाळेत शाई तयार केली होती. दिसायला ती अगदी पाण्यासारखी होती. ‘रंग नंतर येतो,’ एवढंच ते म्हणाले. बोटावर काहीच दिसत नाही म्हटल्यावर मुख्याध्यापिकांच्या लाडक्या उमेदवाराच्या मैत्रिणी पुन्हा रांगेत लागल्या आणि दुसरं बोट पुढे करून आणखी एकदा मत देऊन आल्या. दुपारी निकाल ऐकायला सगळ्यांना मैदानात, उन्हात बसवलं. ती लाडकी मुलगीच जिंकली, पण नाव पुकारेपर्यंत बोटं काळी पडू लागली होती; आमचं एकेक, त्यांची दोन-दोन. सर हळूच म्हणाले, ‘मॅडम, निवडणूक दोबारा घ्यावी लागेल.’ मॅडमनी आमच्या हातांवरून नजर फिरवली. त्यांना सगळं दिसलं. मग माइक जवळ ओढून त्या म्हणाल्या, ‘बच्चियों, ज़ोरदार तालियाँ.’ टाळ्या वाजल्या. सर तेवढे हात मागे बांधून उभे होते. दुसऱ्या दिवशी नागरिकशास्त्राच्या तासाला निवडणुकीचा धडा होता आणि दोन काळ्या बोटांच्या एका मुलीने तो फार छान वाचून दाखवला. आज मतदान केंद्राबाहेर लोक एक बोट वर करून फोटो काढत होते. मी सवयीने त्यांची बाकीची बोटं बघत होते.