सुपात विकलेल्या पोराचा दाखला

मोंबासाला नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी जालन्याला मस्तगडात भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शनच्या आधी दहा-बारा वर्षांची ही गोष्ट. तिकडच्या एका गुजराती व्यापाऱ्यानं दवाखाना काढला होता आणि त्याला औषधं बनवणारा, मलमपट्टी करणारा माणूस हवा होता. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त. पण खरं सांगायचं तर मी पगारासाठी निघालो नव्हतो. ज्याला कुणी आपलं म्हणत नाही, त्याला मोंबासा काय आणि मंठा काय.

पत्रासोबत कागदांची यादी होती. कंपाउंडरचा दाखला, चालचलणुकीचा दाखला, देवी टोचल्याचा दाखला, नोकरी देणाऱ्याची हमी, दोन फोटो आणि जन्माची नक्कल. सगळं हैदराबादला पाठवायचं, तिथून पासपोर्ट यायचा, मग बोट. सरकारी काम, सहा महिने थांब, हे माहीत असल्यामुळे मी जल्दी केली. पहिले पाच कागद महिनाभरात गोळा झाले. फोटोत मी इतका रागीट आलो की फोटोवाल्यानं विचारलं, नोकरीला चाललात की लढाईला? घोडं अडलं ते जन्माच्या नकलेपाशी.

नक्कल उर्दूत होती. दवाखान्यातल्या कारकुनानं ती वाचून दाखवली. साल बराबर, गाव बराबर. बापाच्या जागी मात्र आमच्या गावातल्या एका धनगराचं नाव. माझ्या बाकीच्या कागदांवर बाप कुणबी. कारकून म्हणाला, हैदराबादवाले हे बघतील आणि अर्ज फेकून देतील. ते नाव तिथं कसं आलं हे मला त्याला सांगावंसं वाटेना, पण ठाऊक होतं.

माझ्या आधी आईला चार लेकरं झाली आणि चारही वर्षाच्या आत गेली. म्हणून मी झालो तेव्हा मला सुपात घालून विकलं. शहागडच्या अलीकडे, गोदेच्या काठानं आमच्या गावात तशी रीत होती. धनगरीण दारात आली, पसाभर जवारी दिली, मला घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सांभाळायला म्हणून आणून ठेवलं. आता लेकरू धनगराचं झालं. या घरावर डोळा ठेवून बसलेल्या सटवाईला त्याच्यावर हात टाकायचं कारण उरलं नाही. इथवर पुष्कळ घरांत चालायचं. आमचे वडील एक पायरी पुढे गेले. सटवाई पाचवीला कपाळावर लिहिते, म्हणजे तिला वाचताही येत असणार, असा त्यांचा हिशेब. पोलीस पाटलाच्या वहीत खरा बाप लिहिला तर तिला पत्ता लागायचा. म्हणून तिथंही ते धनगराचंच नाव सांगून आले. पुढे मला शाळेत घालायला वडीलच घेऊन गेले, तेव्हा मास्तरांनी जो घेऊन आला त्याचं नाव बाप म्हणून टाकलं. आता सटवाईला पत्ता लागणार, या भीतीनं वडील चार दिवस धड जेवले नव्हते म्हणे.

आईला मी काकी म्हणायचो. तसंच शिकवलं होतं. ती मला धनगराचं पोर म्हणायची. तापात रात्र रात्र उशाशी बसायची, पण एखाद्या पाहुणीनं माझ्या गालावरून हात फिरवला की लगेच सांगायची, आमचा न्हाई, सांभाळायला ठेवलाय. वडील मी बारा वर्षांचा असताना गेले, धनगरीण त्याच्याही आधी गेली. मला सगळं समजत होतं, पण समजून एकटेपणा कमी होत नाही. शेजारच्या बाया पोरांना माझ्या मुडद्या, माझ्या मेल्या म्हणून शिव्या घालायच्या. मला त्या पोरांचा हेवा वाटायचा, कारण शिवीत का होईना, ‘माझ्या’ असायचं.

मी अंबडच्या तहसिलीत अर्ज केला. हुकूम आला की जन्म देणाऱ्या बाईनं समक्ष येऊन मुलगा आपला असल्याचा जबाब द्यावा, धनगरानंही यावं आणि गावच्या पाटलाचं लेखी आणावं. मी गावी जाऊन काकीला सांगितलं, अगदी कामापुरतं, खाली बघून. मनात मात्र दुसरंच होतं. पासपोर्ट मिळो न मिळो, एकदा तरी ती ते चारचौघांत म्हणणार होती. सव्वीस वर्षांचा बाप्या मी, पण अंबडला जाताना बैलगाडीत नवा सदरा घालून बसलो. ती ‘येते’ एवढंच म्हणाली होती.

तहसीलदार उर्दूत विचारायचे आणि त्यांचा पेशकार, म्हणजे कचेरीतला कारकून, मराठीत सांगायचा. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

“बाई, ह्यो लेक तुमचा हाय का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ तिनं माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही.

“न्हाई जी,” ती म्हणाली. “माझे चार व्हते. चारी गेले.”

पेशकारानं समजावलं, की पोराची नोकरी अडली आहे, खरं सांगण्यात काही गुन्हा नाही. तिचं उत्तर तेच. शेवटी तहसीलदार वैतागले आणि त्यांनी विचारायला लावलं, मग बाई एवढ्या लांब आली कशाला?

“त्याचा कागूद व्हावा म्हणून आल्ते,” ती म्हणाली. “पर कागदापायी त्याला मारू का?”

मग धनगर पुढे झाला. लेकरू यांचंच, आम्ही नुसतं नावाला घेतलं होतं, असं त्यानं सांगून टाकलं आणि अंगठा दिला. तो बोलत होता तेवढा वेळ तिनं पदरानं दोन्ही कान दाबून धरले होते. पाटलाचं लेखी होतंच. तहसीलदारांनी वहीतलं नाव रिवाजापोटी पडल्याचा दाखला लिहायला सांगितला. बाईच्या जबाबाचं काय करायचं, असं पेशकारानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तो लिहूच नका.

माझं काम झालं होतं आणि मी संतापानं पेटलो होतो. परतीच्या वाटेत तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. मी म्हणालो, मला भूक नाही. तिनं ते परत बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी जालन्याला निघालो तेव्हाही तिच्याशी धड बोललो नाही. पुढे पासपोर्ट आला आणि मी गावाकडे न जाताच मुंबईला बोट धरली.

मोंबासाहून मी पत्रं धनगराच्या नावानं टाकायचो. तो ती मास्तरांकडून वाचून घ्यायचा आणि काकी, त्यानं कळवलं तसं, जरा लांब बसून ऐकायची. मी जिवंत आहे एवढं ऐकलं की उठून जायची. तिसऱ्या वर्षी त्याचं पत्र आलं की ती गेली. अखेरच्या दिवशी त्यानं तिला विचारलं होतं, पोराला कळवू का? तर ती म्हणाली होती, “कुनाच्या पोराला?”

ते पत्र मी दवाखान्यात, बाटल्यांच्या फळीपाशी उभ्यानं वाचलं आणि तिथंच रडलो. आपल्याला कुणी आपलं म्हणालं नाही म्हणून मी जन्मभर कुढत आलो होतो. तिचं काय, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला पाच लेकरं झाली आणि त्यांतलं एक जगलं, हे ती मरेपर्यंत कुणाला सांगू शकली नाही.