बंकटच्या पुतळ्याची मान

गेल्या आठवड्यात बीडला आमचं प्रदर्शन झालं. माझी अमूर्त चित्रं आणि मित्र बंकटची फायबरची रंगीबेरंगी शिल्पं... फोटो टाकलेत, लाईकही भरपूर आले. पण मन कशातच लागत नाही, म्हणून लिहितोय.

खरं तर हे दसऱ्याआधीच व्हायचं होतं. ऐनवेळी हॉल कुठल्याशा पुढाऱ्याच्या सत्काराला गेला आणि मॅनेजरनं दिवाळीनंतरची तारीख दिली. मी फोनवरच हो म्हणून मोकळा झालो... बंकटला विचारलंसुद्धा नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडची अर्धी गावं ऊसतोडीला गेलेली असतात. बंकटची आईही जाते. सगळा जन्म बीडात गेला माझा, ड्रॉइंग मास्तर म्हणवतो, आणि एवढं डोक्यात येऊ नये? अक्कल कुठं गहाण टाकली होती कुणास ठाऊक!

त्याला हे सगळं फक्त आईला दाखवायचं होतं हो. मधला मोठा पुतळा तिचाच... डोक्यावर उसाची हिरवीगार मोळी, गुलाबी लुगडं, त्यावर निळा शर्ट. बंकट चिडला नाही, नुसता 'बरं' म्हणाला. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही बंकटच्या परगावच्या वर्कशॉपमधून शिल्पं टेम्पोत घालून बीडला निघालो, त्याच दुपारी त्याच्या आईची टोळीही निघाली होती. बंकटनं मुकादमाला फोनवर लई गळ घातली, तेव्हा कुठं तेलगावच्या फाट्यावर ट्रक पाच मिनिटं थांबला. रस्त्याकडेलाच आम्ही पुतळा उतरवून उभा केला.

मावशी, म्हणजे बंकटची आई, खाली आल्या. पुतळ्याभोवती चक्कर मारली, रंगावरून हात फिरवला, हसल्याही. मग म्हणाल्या, "लई झ्याक केलंस रं. पर मान आशी ताठ ऱ्हाती व्हय? मोळीखाली पार दबून जाती."

शाळा बुडू नये म्हणून मावशी बंकटला दर हंगामात वसतिगृहात ठेवून जायच्या. उसाच्या फडावर एकदाही नेलं नाही. आईच्या डोक्यावर मोळी त्यानं कधी पाहिलीच नव्हती, सगळं मनानंच केलेलं.

मावशींनी ट्रकमधून पिठाचं पोतं मागून घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि "ह्ये बघ, आशी" म्हणून उभ्या राहिल्या. तेवढ्यात हॉर्न वाजला.

दुसऱ्या दिवशी सगळे त्याच पुतळ्यापाशी जमले. "काय डौल आहे मानेला, वा!" एक पाहुणे म्हणाले. बंकट उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. मला तोंड कुठं लपवू असं झालं होतं.

शेवटच्या दिवशी सामान आवरायला गेलो, तर त्यानं पुतळ्याची मान करवतीनं कापून बाजूला ठेवलेली. "पुन्हा करतो," एवढंच बोलला. आणि काल एसटीनं फडावर गेला... आईला काम करताना बघायला, आयुष्यात पहिल्यांदा.

मावशी काही ही पोस्ट वाचणार नाहीत. तरी सांगतो... मावशी, इतकी वर्षं तुम्ही जे त्याच्या नजरेला पडू दिलं नाही, तेच बघायला तो आलाय. त्याच्यावर रागावू नका.