‘बे’ म्हणणारं माणूस

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात निवृत्त होण्याचा सराव केलेला माणूस एकच, आणि तो चिखलीच्या कचेरीत आमचा साहेब होता. बाकीचे चहा पिताना पेन्शनच्या नि प्लॉटच्या गोष्टी करत, साहेब म्हणत, “पैशाचं काय, ते सरकार पाहून घेईन. सकाळी अकरा वाजता म्या काय करू, हे कोन सांगीन?” मग रजा टाकून अकरा वाजता घरी बसून पाहत. एकदा पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला उतरले. डबा सुटून छान तरंगला. साहेबांना दोघांनी ओढून काढलं. भाकरी थापायला बसले, तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, “तुमी आपले हापिसातच बरे.”

पण त्यांची खरी धास्ती वेगळीच. “सारे साहेब साहेब करून राह्यले. खुर्ची गेली का साहेबही गेला. मंग मले दोस्तावानी ‘बे’ म्हननारं कोनी पायजे ना!” म्हणून त्यांनी शिपायालाच सवय लावायला घेतली. तो बिचारा हात जोडून विचारायचा, “चहा आनू का बे, साहेब?” साहेब कपाळावर हात मारायचे, “साहेब काढ, बे ठेव!” त्याला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मग एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, “मी नांदुऱ्याले राहाले जातो. तू रविवारी येत जा. पत्ते खेळू, भांडू. येशीन ना बे?”

मी म्हणालो, “हाव.”

आमच्याकडे ‘हाव’, म्हणजे हो, म्हणायला जिभेला कष्ट पडत नाहीत. पुढे फोन यायचे, “काऊन नाई आला बे?” मी म्हणायचो, “पुढच्या रविवारी नक्की, साहेब.” कधी लग्न सांगितलं, कधी ताप. खरं तर काहीच नसायचं. ज्यांच्यापुढे वर्षानुवर्षं उभा राहिलो, त्यांच्यापुढे मांडी घालून बसायचा मला संकोच होता. तेवढं सांगितलं असतं तरी ते हसले असते. हळूहळू फोन थांबले, आणि लपवत नाही, मला सुटल्यासारखं वाटलं.

आता माझीच निवृत्ती जवळ आली, तेव्हा ध्यानात आलं की पत्ते खेळायला आपल्याला एकही माणूस नाही. परवा नांदुऱ्याला गेलो. ओसरीवर डाव रंगलेला. शेजारचा म्हातारा शिंपी ओरडत होता, “पान टाक ना बे, झोपला का?” साहेब पोट धरून हसत होते.

मग मी दिसलो. ते लगबगीनं उठले, पंच्यानं खुर्ची पुसली. “या, या. तुम्ही बसा.” कपबशीत चहा आला, बिस्किटं आली. शिंप्यानं पत्ते पालथे ठेवले, शर्टाची बटणं लावली. साहेबांनी मुलांची चौकशी केली, बदलीची केली. कशाचाही जाब विचारला नाही.

निघालो तर फाटकापर्यंत सोडायला आले. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबलो. तेही अदबीनं थांबले. पण त्यांचं अर्धं लक्ष ओसरीकडे होतं. तिथे त्यांच्यासाठी डाव खोळंबला होता.